सरूचं गणित

रघू म्हात्रे आयुष्यात कुणाच्या दारात काही मागायला गेला नव्हता. पण सरूचं तेरावं उरकल्यावरच्या पहिल्याच रविवारी तो पेणला देवधर मास्तरांच्या दारात उभा राहिला, आणि वहाणा काढायच्या आधीच त्याने विचारलं,

“मास्तर, माज्या पोरीचं गणित चुकलं व्हतं काय?”

कमळाकर देवधर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. सरू त्यांच्याकडे अकरावीपासून होती. खाडीकाठच्या त्या गावातून बी.एस्सी. झालेली ती पहिलीच मुलगी. बांधावरून चिखल तुडवत ती एस.टी.च्या थांब्यापर्यंत यायची, तिथल्या नळावर पाय धुवायची आणि मग चपला घालायची. मास्तरांचं नाव तिच्या तोंडी इतकं असायचं, की रघूने त्यांना आधी कधी पाहिलं नसलं तरी घरचा माणूस असावा तशी त्यांची ओळख त्याला होती.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. डोक्याचे केस उतरवलेला, अंगावर धुवट सदरा, ओठ कोरडे पडलेले. ते चटकन म्हणाले,

“नाही हो. सरूचं गणित कसं चुकेल? या, आत तरी या.”

रघू आत गेला नाही. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. त्याने हात जोडले आणि तो तसाच परत फिरला.

रघूचा जन्म मिठागरात गेलेला. भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की ओढायचं आणि टोपल्यांनी वाहून रास घालायची. शाळा चौथीपर्यंत. सरू कॉलेजातून आली, की जेवताना काय काय सांगत बसायची. एकदा म्हणाली, “बाबा, तू दिवसभर मीठ ओढतोस ना, त्याचा रेणुभार साडेअठ्ठावन्न.”

“एवढाच?” रघू म्हणाला होता. “माज्या एका टोपलीत तीस किलो जातंय.”

सरू हसून लोळायची राहिली होती. धोंडुबाईला, तिच्या आईला, यातलं काही कळलं नाही, पण पोर हसते म्हणून तीही हसली. रेणुभार म्हणजे काय, हे रघूने तेव्हा विचारलं नाही. शिकलेल्या पोरीचं बोलणं ऐकायचं, समजलंच पाहिजे असं थोडंच आहे.

पुढे सरूला रोह्याला, धाटावच्या बाजूला, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. रोह्यात दोन मुलींबरोबर खोली घेऊन ती राहायची, शनिवारी संध्याकाळी घरी यायची. हे सगळं वर्षभर चाललं. मग नव्वद सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी दुपारी कारखान्यातलं एक भांडं फुटलं. सरू त्या वेळी जिन्यावर होती. ती दवाखान्यात पोचली, पण परत आली नाही. भांड्यावर काम करणाऱ्या, गडब गावच्या सखा नावाच्या माणसाचा जीव वाचला, दोन्ही डोळे मात्र गेले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कारखान्याचा एक साहेब रघूला भेटला. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं. त्या भांड्यातलं काम झालं, की पेरॉक्साइड नावाचं जहाल द्रव्य मागे उरतं. ते मारायला सोडियम सल्फाइट घालावं लागतं. किती घालायचं, ते प्रयोगशाळेने काढून द्यायचं असतं. “तुमच्या मुलीने पाहिजे होतं त्याच्या निम्मंच काढून दिलं,” साहेब म्हणाला. “सात पाण्यांचा माल होता. तिने पाणी धरलंच नाही. पेरॉक्साइड उरलं, भांडं तापलं, आणि फुटलं. आता काय बोलणार आपण.”

रघूला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. सात पाणी, निम्मं, धरलं नाही, एवढे शब्द कानात राहिले. मेलेल्या माणसावर ढकललं की जिवंत मोकळे होतात, एवढं मात्र त्याला कळत होतं. म्हणून तो मास्तरांकडे गेला होता.

घरी येऊन त्याने धोंडुबाईला सांगितलं. “मास्तर म्हणाले, गणित बरोबर व्हतं.”

त्या दिवशी धोंडुबाईने पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला. मग तिने हे वाक्य जिथे तिथे सांगायला सुरुवात केली. पाण्यावर, देवळात, सुकी मासळी विकणाऱ्या बायांना. जणू पोर परीक्षेत पास झाली होती.

पेणच्या बाजारात एकदा तिची आणि सखाच्या बायकोची गाठ पडली. शकू तिचं नाव. गडबची भातशेतीवाली, उंच, काटक बाई. कुणीतरी तिला बोट दाखवून सांगितलं असावं, कारण ती कांद्याच्या ढिगाऱ्यापासून सरळ चालत आली.

“तू काय त्या पोरीची आय?” ती म्हणाली. “तिच्यापायी माजा नवरा खाटेवर बसलाय. त्याला मी भाताचा घास हातात देते.”

धोंडुबाईने हातातली पिशवी खाली टाकली. “माजी पोर गेली गो! आणि तिच्यावरच पाप घालतेस? मास्तरांनी सांगितलंय, गणित बरोबर व्हतं तिचं!”

“मास्तर व्हता काय तिथं?” शकू म्हणाली आणि निघून गेली.

रघू बाजूलाच उभा होता. त्याला शकूपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. माघात रोह्याला सरकारी चौकशी होणार होती आणि नातेवाइकांनाही बोलवणार होते. तिथेही आपण असेच माठासारखे उभे राहणार. साहेब म्हणणार सात पाणी, आणि आपण म्हणणार मास्तर बोलले. त्याने ठरवलं की ते गणित शिकायचं.

“कशाला त्रास करून घेता?” मास्तर म्हणाले. या वेळी रघू आत येऊन, जमिनीवर मांडी घालून बसला होता.

“मला बोलता आलं पायजे, मास्तर. पोरीच्या बाजूनं बोलायला दुसरं कोण हाय?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग आतून पाटी आणि पेन्सिल घेऊन आले.

ते रघूला वाटलं होतं तितकं अवघड निघालं नाही. जगात जे काही आहे ते बारीक कणांचं झालेलं आहे, मास्तर सांगायचे. प्रत्येक कणाला वजन. सगळ्यात हलका हायड्रोजन, त्याचं वजन एक धरायचं. मग त्याच्या मानाने बाकीच्यांची वजनं ठरलेली. कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, सोडियम तेवीस, गंधक बत्तीस. कुठल्याही पदार्थात कुठला कण किती, ते बघायचं, आणि बेरीज करायची. झाला रेणुभार.

“पाण्यात दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. करा.”

“दोन आणि सोळा. अठरा.”

“मीठ. एक सोडियम, एक क्लोरीन. क्लोरीन साडेपस्तीस.”

रघूने बेरीज तोंडानेच केली. लहानपणी शाळेत पाठ केलेली पावकी-निमकी अजून जिभेवर होती. “साडेअठ्ठावन्न,” तो म्हणाला, आणि मग पाटीकडे बघतच राहिला. त्याच्या गालावरून पाणी वाहू लागलं तरी त्याने ते पुसलं नाही. मास्तर उठून आत गेले आणि चहा होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

दर रविवारी तो येऊ लागला. चुना झाला, साखर झाली, गंधकाचं आम्ल झालं. साखरेला बरेच कण, तिची बेरीज दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. मिठागरावर टोपली डोक्यावर घेऊन चालताना तो पुटपुटत असायचा, आणि बरोबरचे गडी एकमेकांकडे बघायचे. पोरीच्या दुःखाने म्हातारा हलला, असं त्यांना वाटलं. धोंडुबाईला मात्र वाटत नव्हतं. ती म्हणायची, “सरू पण अशीच पुटपुटायची.”

शिकता शिकता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तो सात पाण्यांचा विषय काढायला गेला, की मास्तर दुसरंच काहीतरी काढायचे. आज वेळ नाही, ते पुढचं आहे, आधी हे पक्कं करा. चौकशी जवळ आली तेव्हा रघूने पाटी खाली ठेवली.

“मास्तर, मला साखर घेऊन काय करायचंय? साहेब सात पाणी म्हणाला. तेवढं सांगा.”

मास्तर उठून स्वयंपाकघरात गेले, स्टोव्ह पेटवला आणि रघूला हाक मारली. लोखंडी पळीत त्यांनी मोरचुदाचे चार खडे टाकले होते. निळेशार, कोरडे खडखडीत.

“हात लावून बघा. ओले आहेत?”

“नाय. वाळलेले हायत.”

पळी तापली तशी खड्यांतून वाफ निघाली. बघता बघता निळा रंग उडाला आणि पळीत पांढरी भुकटी राहिली. रघू वाकून बघत होता.

“हे पाणी कुठं व्हतं?”

“खड्यातच. बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. कणाकणाशी बांधलेलं असतं. मोरचुदात पाच पाणी. धुण्याच्या सोड्यात दहा. काही मालात असतं, काहीत नसतं. नाव एकच असतं, पण वजन करताना ते पाणीही वजनात येतं.”

रघूला हे लगेच कळलं. ओल असलेलं मीठ काट्यावर जड भरतं, व्यापारी त्याची तूट धरतो. फरक इतकाच, की ही ओल डोळ्यांना दिसत नव्हती. तो परत बाहेरच्या खोलीत आला, पाटी घेतली.

“सोडियम सल्फाइट. त्यात काय काय असतं?”

“रघुनाथराव, आज राहू द्या.”

“सांगा, मास्तर.”

मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले. “दोन सोडियम. एक गंधक. तीन ऑक्सिजन.”

रघूने हळूहळू लिहिलं. शेहेचाळीस, बत्तीस, अठ्ठेचाळीस. खाली रेघ मारली. एकशे सव्वीस. मग बाजूला सात पाणी लिहिलं. अठरा साते. त्यालाही एकशे सव्वीसच आले. त्याने पुन्हा करून पाहिलं. तेवढेच आले. अर्धा माल आणि अर्धं पाणी.

बाहेर रस्त्यावरून गणपतीच्या मूर्तींसाठी मातीने भरलेली हातगाडी खडखडत गेली. रघू पाटीवरून नजर काढेना.

“मास्तर, हे नेमकं निम्मं झालं.”

मास्तरांनी चौकटीला हात टेकला.

“साहेब पण निम्मंच म्हणाला व्हता. पाणी धरलं नाय, तर निम्मंच येणार.” त्याने मान वर केली. “म्हणजे ती चुकली.”

“हो,” मास्तर म्हणाले.

“तुमाला ठाऊक व्हतं.”

“त्याच आठवड्यात कळलं होतं. माझा एक जुना विद्यार्थी तिथेच आहे, त्याने सगळं सांगितलं.” मास्तर आता रघूसमोर जमिनीवर बसले. “तुम्ही दारात उभे होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. नंतर सांगायचं धैर्य झालं नाही. तुम्ही शिकायला आलात तेव्हा वाटलं, चार दिवसांत कंटाळून सोडाल. तुम्ही सोडलं नाहीत. आणि चुकीचं शिकवणं माझ्याच्याने झालं नाही.”

“तिला येत व्हतं ना, पाणी धरायचं?”

“येत होतं. मीच शिकवलं होतं. वर्गात सगळ्यांच्या आधी तिलाच समजलं होतं.”

“मंग?”

“मग काय सांगू? कारखान्यात आधी बिनपाण्याचा माल यायचा, त्या खेपेला दुसरा आला. गोणीवर लिहिलेलं होतं. तिने पाहिलं नसेल, किंवा पाहून हात सवयीने चालला असेल. माणूस चुकतं, रघुनाथराव. पण इतका जीवघेणा आकडा एकट्या पोरीवर सोडायचा नसतो. दुसऱ्या कुणीतरी तो तपासायला हवा होता. हे मी तुमचं मन राखायला सांगत नाही.”

“ते खरं असंल,” रघू म्हणाला. “पण ती चुकली.”

त्याने पाटी पुसली नाही. उठला, मास्तरांच्या पायांना हात लावला, मास्तरांनी पाय मागे घेतले तरी लावला, आणि बाहेर पडला.

स्टँडवर त्याच्या गावाची गाडी लागलेली होती. तो तिच्यात चढला नाही. नागोठण्याच्या गाडीत बसला आणि गडबला उतरला. हमरस्त्यावरच्या दुकानात सखाचं घर विचारलं तर दुकानदाराने सोबत पोरगं न देता स्वतःच वळणापर्यंत येऊन दाखवलं. आंधळ्याचं घर आता सगळ्यांना माहीत झालं होतं.

शकू अंगणात भात पाखडत होती. रघूला बघून तिच्या हातातलं सूप थांबलं.

“आता काय ऱ्हायलंय?”

“सखाला भेटायचंय.”

ती नाही म्हणाली नाही, या असंही म्हणाली नाही. ओटीवर खाटेवर सखा बसला होता. काळा चष्मा, गालावर भाजल्याचे गुलाबी चट्टे. पायरव ऐकून त्याने मान वळवली, पण भलतीकडेच.

“मी रघू म्हात्रे. सरूचा बाप.”

सखाचे हात खाटेच्या काठावर घट्ट झाले. रघू खाली बसला. वाटेत त्याने बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं गेलं, आणि एवढंच उरलं.

“माज्या पोरीचं गणित चुकलं व्हतं. मी सोता करून बघितलं. बाजारात आमी तुमच्या बायकोला खोटं पाडलं. ती खरं बोलत व्हती. हे सांगायला आलो.”

अंगणातून शकू दाराशी येऊन उभी राहिली होती. तिने तोंडात पदर कोंबला. इतके दिवस तिला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर तिला त्याचं काय करावं ते कळेना.

सखाने खाटेचा काठ सोडला. मग म्हणाला, “अर्धंच कळलंय तुमाला, दादा.”

“आवो, गप ऱ्हावा,” शकू म्हणाली.

“गप ऱ्हाऊनच डोकं फुटायची वेळ आलीय.” सखाचा आवाज चिरकला. “सल्फाइट घातल्यावर कागदाची पट्टी बुडवून बघायची असते. कागद निळा झाला की समजायचं, जहाल अजून उरलंय. मंग आणखी घालायचं. ते बघितल्याबिगर भांडं तापवायला वाफ सोडायची नाय, असा नियम हाय. त्या दिवशी माल लवकर पायजे व्हता. सुपरवायझर म्हणाला, कागदाचं मागून बघू, तू वाफ सोड. मी सोडली. बारा वर्षं काम केलंय, मला काय कळत नव्हतं? तरी सोडली. तुमची पोर तो कागदच घेऊन जिन्यानं येत व्हती. मला वरनं ओरडली, ‘सखाकाका, थांबा, अजून बघायचंय.’ मी वाल्व बंद करायला वळलो. तेवढ्यात...”

त्याने चष्म्याखाली बोटं घातली. त्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दिसत मात्र काही नव्हतं.

“साहेब दवाखान्यात येऊन सांगून गेला, वाफेचं बोलू नको. बोललास तर तुज्यावर पण येईल. मंग मी सगळ्यांना पोरीचं नाव सांगत बसलो.”

रघूला वाटलं आपल्याला राग येईल. तो यायची वाट बघत बसला. राग आला नाही. पोर जिन्यावरून कागद घेऊन धावत येते आहे, एवढंच डोळ्यांपुढे राहिलं. चुकलेलं तिच्या हातूनच दुरुस्त होणार होतं, आणि चार पायऱ्या कमी पडल्या.

शकूने पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. तो प्यायला आणि उठला.

घरी धोंडुबाईला सांगणं त्याहून अवघड गेलं. तिने सगळं ऐकलं. पाणी म्हणजे काय, निम्मं कसं, कागद कसला, वाफ कुणी सोडली. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मास्तर खोटं बोलला, आणि तुमी त्याच्याकडं शिकायला गेलात.” आणि ती जी गप्प झाली ती चौकशीच्या दिवसापर्यंत. भात वाढायची, दिवा लावायची, पण पाण्यावर कुणाशी बोलेना, की देवळात जाईना.

चौकशीला मात्र ती न सांगता गाडीत येऊन बसली. रोह्याच्या त्या कचेरीत रघू उभा राहिला आणि अडखळत का होईना, सगळं बोलला. पोर चुकली हे आधी सांगितलं, मग तो आकडा एकटीवर सोडला होता हे सांगितलं. साहेब लोक त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्यानंतर शकूच्या खांद्यावर हात ठेवून सखा आत आला आणि वाफेचं बोलला. सुपरवायझर खाली मान घालून बसला होता. अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं. पुढे निकाल आला तेव्हा दोष सरूचाच धरला, आणि ‘देखरेखीत ढिलाई’ असे दोन शब्द शेवटी जोडले. सुपरवायझरची बदली झाली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी सगळे कचेरीच्या आवारात, आंब्याखालच्या बाकावर गाडीची वाट बघत बसले होते. दोन घरं, बाकाच्या दोन टोकांना. धोंडुबाई अचानक उठली आणि सखासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत न वापरलेला तिचा आवाज घोगरा झाला होता.

“दादा, त्या दिवशी ती जेवली व्हती काय?”

सखा गोंधळला. “काय म्हणालात, वयनी?”

“उपाशी असली की तिचं ध्यान लागायचं नाय. शाळेत असल्यापास्नं तसंच. घाईत निघायची न खाता. म्हणून विचारते. जेवली व्हती काय?”

सखाने तोंड तिच्या आवाजाच्या दिशेने फिरवलं. क्षणभर थांबला. शकू त्याच्याकडे बघत होती.

“व्हय,” तो म्हणाला. “जेवली व्हती. वालाची उसळ व्हती डब्यात. म्हणाली, काका, घ्या थोडी. मी पण खाल्ली.”

“वालाची?” धोंडुबाई म्हणाली. “माज्याकडनंच नेले व्हते तिनं सोललेले वाल.”

“लय चांगली झाली व्हती.”

प्रयोगशाळेतल्या मुली वरच्या मजल्यावर जेवायच्या, भांड्यांवरच्या माणसांचं जेवण खालच्या शेडमध्ये व्हायचं. सरूनेच कधीतरी ते सांगितलं होतं. रघूने सखाकडे पाहिलं आणि तो काही बोलला नाही.

धोंडुबाई शकूशेजारी बाकावर बसली. तिने तोंडावर पदर घेतला आणि सरू गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्याने रडायला लागली. शकूने आधी इकडे तिकडे बघितलं, मग तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि गाडी येऊन लागली तरी तो काढला नाही.